पदवीच्या हिशेबात ‘स्वयम’ची क्रेडिट्स

तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात, म्हणजे सत्राला साधारण २० ते २२. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत ‘स्वयम’वरून, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून, आणता येतात. २२ चे ४० टक्के ८.८ होतात, पण धरून चाला ८च.

नाशिकच्या गंगापूर रोडवरचं कॉलेज असो की गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ, कोर्स कोणत्या विषयाऐवजी धरणार हे आधी लेखी घ्या. तोंडी ‘चालेल’ निकालाच्या वेळी चालत नाही.

‘स्वयम’वरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या उपक्रमाच्या) कोर्सची नावनोंदणी मोफत असते. परीक्षेचा अर्ज आणि शुल्क वेगळं. पोरं इथेच फसतात. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरतात. त्यात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही हवेत. परीक्षेत ६० पाडले आणि असाइनमेंट बुडवल्या, तर प्रमाणपत्र नाही. म्हणून पहिले आठ आठवडे चुकवू नका. शेवटी सबमिशन आणि प्रॅक्टिकलची गर्दी असतेच.

क्रेडिट्स जमा होतात अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या डिजिटल खात्यात, अपार आयडीवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकावर. आधारवरचं आणि कॉलेजातलं नाव आधीच जुळवून घ्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि स्पेलिंग तिसरंच!