ब्रूटसचं खातं

१५ मार्च, रात्री उशिरा

ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिलेलं ब्रूटसचं, म्हणजे ज्युलियस सीझरच्या रोमन मारेकऱ्याचं, चरित्र आज संपवलं. सीझरच्या वारसदारांविरुद्धच्या फिलिप्पीच्या दुसऱ्या लढाईआधी ब्रूटसने सैनिकांना सांगितलं होतं, नीट लढलात तर थेसालोनिका आणि स्पार्टा ही शहरं तुम्हाला लुटायला देईन. प्लुटार्कच्या मते ब्रूटसच्या आयुष्यातला हा एकच आरोप असा, की ज्यावर काही उत्तर नाही. मला तो 'एकच' गिळवेना. सायप्रसच्या सॅलॅमिस शहराला ब्रूटसने दिलेल्या कर्जाचं काय? ते प्रकरण या चरित्रात येतच नाही; ते कळतं रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोच्या पत्रांतून.

व्याज महिन्याला शेकडा ४, म्हणजे वर्षाला ४८. कागदावर नावं स्काप्टियस आणि मॅटिनियस या दोघांची, पैसा ब्रूटसचा. चक्क बेनामी सावकारी! वसुलीला स्काप्टियस. तेव्हाचा सुभेदार अप्पियस क्लॉडियस हा ब्रूटसचा सासरा, त्याने स्काप्टियसला घोडेस्वार दिले. त्या घोडेस्वारांनी नगरसभेला सभागृहातच वेढा घातला, इतके दिवस की आतले पाच सभासद उपासमारीने मेले.

इ.स.पू. ५१ मध्ये सुभेदारी सिसेरोकडे आली. त्याने आधी घोडेस्वार परत बोलावले. त्याच्या हुकमाप्रमाणे व्याजाची मर्यादा १२ टक्के. दोन्ही पक्ष हिशेबाला बसले, १२ टक्क्यांनी रक्कम निघाली १०६ टॅलेंट (टॅलेंट म्हणजे चांदीचं तेव्हाचं मोठं वजन). स्काप्टियस सिसेरोला बाजूला घेऊन म्हणाला, २०० द्यायला सांगा. सॅलॅमिसवाले म्हणाले, रक्कम देवळात अनामत ठेवतो, निदान व्याज तरी थांबेल. आणि इथे सिसेरो कचरला. स्काप्टियसच्या विनंतीवरून त्याने प्रकरण तसंच लोंबकळत ठेवलं. ब्रूटसने सिसेरोला आपण सावकार असल्याचं कधी सांगितलंच नव्हतं. पैसा त्याचा आहे हे सिसेरोला कळलं ते स्काप्टियसने पुढे केलेल्या ब्रूटसच्याच पत्रातून. मित्र ॲटिकसने गळ घातली, फार नाही, पन्नासच स्वार दे. सिसेरोने उलट लिहिलं, गुलामांचं बंड करणाऱ्या स्पार्टाकसजवळ सुरुवातीला याहून कमी माणसं होती. उत्तर झकास, पण निकाल दिला असता तर जास्त बरं झालं असतं.

मग ब्रूटस ढोंगी होता का? तेवढं सोपं नाही. त्याच्या बापाला शरण आल्यावर रोमन सेनापती पॉम्पीने मारलं होतं आणि ब्रूटस पॉम्पीशी बोलतही नसे. तरी सीझर आणि पॉम्पी यांच्यात यादवी पेटली तेव्हा प्रजासत्ताकाची बाजू म्हणून तो पॉम्पीकडेच गेला. बापाचं वैर गिळून तत्त्वाला धरून राहणारा माणूस ढोंगी कसा? मला वाटतं, त्याच्या प्रजासत्ताकात सीनेटमधली घराणी होती, सायप्रसची रयत नव्हती. त्यामुळे त्याच्या मनाला ४८ टक्के कधी टोचलेच नसावेत.

फार्सेलसच्या लढाईत पॉम्पी हरल्यावर सीझरने त्याला माफ केलं, प्रांताची सुभेदारी दिली, इ.स.पू. ४४ साठी प्रेटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारीही केलं. त्याच वर्षी १५ मार्चला खंजीर. सीझरच्या अंगावर २३ वार. त्या गर्दीत साथीदाराच्या वाराने ब्रूटसचाही हात कापला. सीझरचा साथीदार अँटनी यालाही संपवू, असं कटातला कॅशियस म्हणत होता, ब्रूटस नको म्हणाला. दोनच दिवसांनी सीनेटने मारेकऱ्यांना अभय दिलं आणि सीझरचे सगळे निर्णय कायम ठेवले. ठेवावेच लागले. त्याला जुलमी ठरवलं असतं तर त्याने केलेल्या नेमणुकाही रद्द, म्हणजे ब्रूटसचं प्रेटरपदही गेलं असतं!

पुढे रोम सोडून तो पूर्वेकडे गेला, सैन्य उभं केलं. आजच्या तुर्कस्तानातल्या लिसिया प्रदेशातल्या झँथस शहराने दार उघडलं नाही. शहर पडलं तेव्हा लोकांनी घरादारासकट स्वतःला जाळून घेतलं. ब्रूटस रडला, जिवंत लिसियन आणणाऱ्या सैनिकाला बक्षीस लावलं. शेजारच्या पाताराने मुकाट्याने सोनंचांदी मोजून दिली.

त्याचं ते प्रसिद्ध नाणं याच मोहिमेतलं. एका बाजूला दोन खंजीर, मधे मुक्त केलेल्या गुलामाची टोपी, खाली १५ मार्चची तारीख. दुसऱ्या बाजूला ब्रूटसचा स्वतःचा चेहरा. रोमच्या नाण्यांवर जिवंत माणसाचा चेहरा घ्यायची रीत पाडली होती सीझरने, जेमतेम दोन वर्षांपूर्वी. ही नाणी सैनिकांच्या पगारासाठी पाडलेली, आणि पगाराचा पैसा पातारासारख्या शहरांकडून उकळलेला.