‘टेक ऑफ’ची कार्डे: सहावा आठवडा

मागील नोंदीपर्यंत ‘टेक ऑफ’ या फ्रेझल व्हर्बच्या, म्हणजे ‘ऑफ’सारखा छोटा शब्द जोडून बनलेल्या इंग्रजी क्रियापदाच्या, पाच अर्थांची अभ्यासाची कार्डे पूर्ण झाली होती: बूट किंवा कपडे काढणे, विमानाने उड्डाण करणे, धंद्याने एकाएकी जोर धरणे, घाईने निघून जाणे आणि रजा घेणे. या बहुतेक ठिकाणी ‘ऑफ’मधील विलग होण्याचा भाव सहज सापडतो, कारण बूट पायापासून, चाके धावपट्टीपासून आणि रजेचा दिवस कामापासून सुटतो.

सहावा अर्थ मात्र आठवडाभर अडून राहिला. ब्रिटिश इंग्रजीत ‘शी टेक्स ऑफ हर टीचर’ म्हणजे ती आपल्या शिक्षकांची नक्कल करते; परंतु येथे कशापासून काय सुटते, हे उलगडेना. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांना सर्वाधिक अवघड जाणारी रचना म्हणून अशा क्रियापदांची उदाहरणे दिली आहेत, आणि त्यांत ‘टेक ऑफ’पुढे ‘टू कॉपी’ एवढाच अर्थ नोंदलेला आहे. तो वाचला आणि उत्तर आपल्याच भाषेत असल्याचे लक्षात आले. आपण बूट काढतो आणि झेरॉक्सही काढतो. अंगावरचे दागिने उतरवतो आणि फळ्यावरचा मजकूरही उतरवून घेतो. सातबाराचा ‘उतारा’ याच धातूचा. शिवाय कचेरीतून मिळणारी दस्ताची प्रत ही ‘नक्कल’ आणि मास्तरांच्या बोलण्याची हुबेहूब आवृत्ती हीदेखील ‘नक्कल’च. मूळ वस्तूवरून तिचे रूप अलग करून घेणे, हा दुवा दोन्ही भाषांनी जोडलेला पाहून मला मनापासून आनंद झाला.

व्याकरणाची नोंद थोडक्यात: कर्म सर्वनाम असेल, तर ते मध्येच येते, म्हणजे ‘टेक इट ऑफ’ बरोबर आणि ‘टेक ऑफ इट’ चूक. विमानाच्या अर्थी क्रियापद अकर्मक राहते. ‘टेक-ऑफ’ हे नाम म्हणून उच्चारताना आघात ‘टेक’वर पडतो, हे मोठ्याने वाचून पाहावे.

नकलेच्या कार्डामागे आता ‘उतरवणे’ आणि ‘काढणे’ ही दोन्ही क्रियापदे लिहिली आहेत. विमानाच्या कार्डावर मात्र ‘उतरणे’ लाल शाईने खोडून ठेवले आहे, कारण मराठीत विमान उतरते, तेव्हा इंग्रजीत ते ‘लँड’ होते.