वरून टवटवीत

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "काकी, तुम्ही अगदी रुळलात हं इथे. बघून वाटत नाही नवीन आलात म्हणून." मी हसले. "हो गं, रुळले," म्हटलं आणि मजला आला तशी उतरले. एवढंच झालं. तिनं कौतुकच केलं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. जेवण उरकलं, भांडी घासून पालथी घातली, दिवा मालवला, तरी जाईना. मग उठून लिहायला बसले.

ते लागलं ते कुंडीमुळे, हे आता कळतंय. सावईच्या घरून आणलेलं, एक्मिया नावाच्या शोभेच्या झाडाचं पिल्लू पूर्वेच्या बाल्कनीत ठेवलंय. घरी येणारं प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघून म्हणतं, "छान लागलंय हो!" पानं ताठ, मधल्या पेल्यात पाणी, रुपेरी पट्टे जसेच्या तसे. मला मात्र माहीत आहे की खाली त्याला अजून मूळ नाही. नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांवर ते नुसतं बसलंय, दोन कामट्यांना काथ्यानं बांधलेलं. जास्वंदीची फांदी लावली आणि ती लागली नाही, तर चार दिवसांत मान टाकते, आपल्यालाही कळतं. एक्मिया ज्या घराण्यातलं, त्या ब्रोमेलियाडचं तसं नाही. ते पाणी पितं पानांनी. त्यामुळे मुळं नसली तरी आठवडेच्या आठवडे तसंच टवटवीत दिसतं. वरून बघून काही म्हणजे काही कळत नाही.

कापलं त्या दिवशी जाऊबाईनं मोठ्या झाडाची पानं मागे धरून ठेवली होती. कडेचे काटे तिच्या मनगटाला ओरबाडत होते, तरी सोडली नाहीत. मोठ्याला गेल्या वर्षी फूल आलं होतं. तो गुलाबी तुरा, त्यातली ती बारीक निळी फुलं, अप्पांनी ती पाहिली... ते राहू दे. तुरा आता वाळून तपकिरी झालाय. केळीचं जसं एकदाच, तसंच याचंही: एकदा फुललं की ते खोड पुन्हा फुलत नाही. वर्ष-दीड वर्ष हळूहळू उतरत जातं आणि बुडाशी पिल्लं सोडतं. दोन होती. त्यातलं आईच्या निम्म्याएवढं झालेलं मी निवडलं. त्याहून लहान काढलं तर जगायला जड जातं. सुरी स्पिरिटनं पुसून घेतली. जोड लाकडासारखा कठीण निघाला. अगदी आईच्या अंगाला लागून कापावं लागतं, म्हणजे पिल्लाकडे देठ जास्त राहतो. कापल्यावर जागा पांढरट-ओली दिसत होती. ती सुकेपर्यंत रात्रभर सोप्यावर सावलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उचललं तर माझ्या अंगठ्याला रुपेरी भुकटी लागली. पानावर जिथे अंगठा होता तिथे तेवढाच ठसा उमटलेला, खालचा हिरवा रंग उघडा पडलेला. ती भुकटी म्हणजे धूळ नव्हे. बारीक बारीक खवले असतात ते, त्यांच्यातूनच पान पाणी ओढून घेतं. म्हणून या झाडाची पानं पुसायची नसतात. तो ठसा अजून आहे, तसाच राहील. मी रोज बघते.

लावायला माती घेतली नाही. आपली तांबडी माती पावसात चिकट होते, बूड कुजवते. सोडण चिरून दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून पिळून घेतलं, त्यात कोळशाचे तुकडे घातले. कुंडी मुद्दाम लहानच घेतली. मोठीत ओल धरून राहते. पानं सुरू होतात तिथपर्यंतच बूड आत, त्याहून खोल नाही. आणि घट्ट बांधायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. हललं की नवं मूळ टोकाशीच मोडतं. खत नाही. पेल्यातलं पाणी आठवड्यातून दोनदा ओतून नवं घालते, डासांसाठी. पश्चिमेकडच्या बाल्कनीत जागा जास्त आहे, पण दुपारचं ऊन पान भाजून काढतं.

तर, "रुळलात हं."

मीही तशीच बसलेय का इथे? पर्वरीत माझं सगळं नीट चाललंय. मासळीवाली खालून हाक मारते, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाते, बसचा कंडक्टर ओळखतो. साडीला इस्त्री असते, केसांत अबोली असते. कुणी "बरें आसा मगो?" विचारलं की "बरें" म्हणते, आणि ते खोटं नसतं. पण पहाटे जाग येते आणि कान विहिरीवरच्या पंपाचा आवाज शोधतात. पोफळीवरून झावळी पडल्याचा तो धप्प आवाज, त्याची वाट बघते. इथे रात्रभर हायवे. मग वाटतं, कुणाला काय पडलंय? पानं ताठ दिसली की लोक निश्चिंत होतात. मुलांचंही तेच. फोनवर आवाज बरा आला की "चला, आई मजेत आहे." कुंडीत हात घालून कोण बघणार? घराचं पुढे काय करायचं ते सगळे चतुर्थीला बोलणार आहेत, त्याच्याबद्दल आज लिहायचं नाही.

रडू आलं मघाशी. लिहून ठेवते.

मग पुन्हा बाल्कनीत गेले. कुंडीला हात लावला नाही, नुसती बघत उभी राहिले. एक गोष्ट मला ठाऊक होती, पण आजपर्यंत अशी समोर आली नव्हती. हे झाड ब्राझीलच्या आग्नेय भागातलं. तिथे ते झाडांच्या फांद्यांवर नाहीतर खडकावर राहतं. त्याची मुळं मुख्यतः धरून ठेवण्यासाठी असतात. पाणी वरून येतं, पेल्यात साचतं. वाळकी पानं, किडे त्यात पडून कुजतात, तेच त्याचं खाणं. ज्या फांदीला धरलंय तिच्यातून ते काही ओढून घेत नाही. या घराण्यात तीन हजारांवर जाती आहेत आणि सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांतल्या. एकच अपवाद: एक जात समुद्रापलीकडे, पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या खडकांवर आहे. एवढ्या गोतावळ्यातली ती एकटी तिकडे कशी राहिली असेल, याचा मी आज बराच वेळ विचार केला. राहिली मात्र.

आणि आपला अननस याच घराण्यातला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. आज कुळागरात पोफळींच्या सावलीत, मिरवेलींच्या पायाशी तो असा बसलाय की त्याला परका म्हणायची कुणाची छाती नाही. लग्नाच्या पंगतीत अननसाचं सासव वाढताना हा कुठून आला हे कोण विचारतं? पण त्यानं जमीन धरली. माझ्या कुंडीतलं जमीन धरणारं नव्हे, आणि त्यासाठी त्याला दोष कसला द्यायचा?

इथे जरा हलकं वाटलं. मी इतके दिवस वाट बघत होते की पर्वरी मला आतून काहीतरी देईल, सावई द्यायची तसं. ती देत नाही म्हणून तिच्यावर रुसले होते. माझं पाणी अजून सावईहूनच येतं, जाऊबाईच्या फोनमधून, तिनं पाठवलेल्या सोलांच्या पिशवीतून. येऊ दे की. इथे घट्ट टेकता आलं तरी पुष्कळ झालं. तिसऱ्या मजल्यावरचीला मी "रुळले" म्हटलं ते आता मागे घ्यावंसं वाटत नाही. बाजाराला जाताना तिला हाक मारावी म्हणते. तिच्याकडे मिरची लावलीय वाटतं, कठड्यावरून दिसते.

संध्याकाळी भाऊजींना फोन केला होता, पण दुसऱ्याच काळजीनं. मिरग तोंडावर आलाय, सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पोफळींवर बोर्डोचं मिश्रण मारायला माणसं येतील. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी, दरवर्षीचं ठरलेलं. सुपारीला ते औषध, पण मोरचुदातलं तांबं ब्रोमेलियाडला विष. पेल्यात जे पडेल ते पान पिऊन टाकतं. मोठं झाड विहिरीकडच्या कट्ट्यावर आहे, पोफळींच्या बरोबर खाली. म्हटलं, "फवारणीच्या आधी कुंडी तेवढी सोप्यावर उचलून ठेवा, आणि पोफळींची पानं निथळल्याशिवाय परत बाहेर काढू नका." भाऊजी म्हणाले, "बघतो." त्यांच्या "बघतो"वर मी थांबणार नव्हते. जाऊबाईला फोन द्यायला लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, दुसरं पिल्लूही आता मोठं झालंय. चतुर्थीला याल तेव्हा कापून ठेवू? न्याल ना?"

मी म्हटलं, "नको. ते काढू नको. आईला लागून राहिलं तरी चांगलं वाढतं, तिथेच जाळी होईल त्याची. फक्त वाळलेला तुरा बुडाशी कापून टाक, आणि पेल्यात पाणी असू दे."