ताटं वाढायच्या वेळची बक्षिसं

रविवार, 12 मार्च 2023. एडिसन, न्यू जर्सी.

रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत. आज पहाटेच घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे झोपेचं गणित आधीच बिघडलंय, त्यात डोक्यात अजून ढोल वाजताहेत. सोफ्याच्या फटींतून भडंगातले शेंगदाणे निघताहेत. ते उद्या वेचीन.

ऑस्कर आठला सुरू होणार होतं, सातलाच घर भरलं. कोल्हापूरकर वहिनी घरची भडंग घेऊन आल्या, शेजारच्या तेलुगू वहिनी पुलिहोरा, म्हणजे त्यांचा चिंचेचा भात. मी बटाटेवडे तळले. प्रत्येकाने कागदावर आपापले अंदाज लिहिले. ज्याचे सगळ्यात कमी बरोबर, त्याने शेवटी सगळ्यांना चहा करायचा.

वेशभूषा, ध्वनी, संकलन, लघुपट यांच्या वेळी लोक ताटं वाढून घ्यायला उठतात. मला तीच बक्षिसं सगळ्यात प्रिय. नटनट्या वर्षभर दिसतातच. पण कुठल्या दृश्यात कापड किती मळलेलं हवं हे ठरवणाऱ्या माणसाला जगासमोर जेमतेम पाऊण मिनिट मिळतं. म्हणून मी सगळ्यांना बसवून ठेवलं.

बरं झालं बसवलं. ‘वाकांडा फॉरएव्हर’च्या वेशभूषेसाठी रूथ कार्टरचं नाव आलं. हे तिचं दुसरं ऑस्कर. दोन ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आई याच आठवड्यात गेली, 101 वर्षांची होती, असं तिने सांगितलं आणि आमची खोली एकदम गप्प झाली. कोल्हापूरकर वहिनींच्या हातातला वडा तसाच राहिला. मग त्या हळूच म्हणाल्या, “हेच बक्षीस आमच्या भानूताईंना मिळालं होतं.”

भानू अथैया. माहेरच्या राजोपाध्ये, कोल्हापूरच्या. मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेल्या. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये जॉन मोलोबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पुढे 2012 मध्ये, आपल्यामागे ती ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून, त्यांनी ती ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडेच सोपवली. 2020 मध्ये त्या गेल्या. एवढ्या मोठ्या बाईचं नाव आपल्या घराघरांत का घेतलं जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेलुगू वहिनींची आठ वर्षांची मुलगी कान देऊन ऐकत होती. ती बाहुल्यांच्या कपड्यांची चित्रं काढते, वह्याच्या वह्या भरून. “फोटो दाखव ना,” म्हणाली. फोनवर भानूताईंचा साडीतला फोटो तिने बोटांनी मोठा करून पाहिला. चेहरा नाही, काठ.

‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या भारतीय लघु माहितीपटाला पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही उभेच राहिलो. मुदुमलाईच्या जंगलातलं बोम्मन-बेल्ली हे जोडपं आणि त्यांनी वाढवलेलं हत्तीचं पिल्लू, रघू. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस बोलली. निर्माती गुनीत मोंगाच्या बोलण्याआधीच संगीत वाजायला लागलं. फार लागलं ते मनाला. पाऊण मिनिटातलाही तिचा वाटा गेला.

आणि ‘आरआरआर’ या तेलुगू सिनेमातलं ‘नाटू नाटू’! दीपिकाने गाण्याची ओळख करून दिली, राहुल सिप्लिगुंज आणि काल भैरव गायले, तेव्हा आमच्याकडे कोणी बसलेलंच नव्हतं. नाटू म्हणजे काय, विचारलं तर तेलुगू वहिनी अडखळल्या, “देशी... म्हणजे अगदी गावाकडचं.” “गावरान!” कोल्हापूरकर ओरडले, आणि तो शब्द तेलुगू वहिनींना इतका पटला की रात्रभर त्या गावरान गावरान म्हणत होत्या. गॅलस कोणाकडेच नव्हते, म्हणून ओढण्या खांद्यावरून खाली घेऊन दोन्ही टोकं ताणून धरली आणि पाय आपटले.

गाण्याच्या पुरस्काराला सगळ्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते. संगीतकार कीरवाणींनी आभार चक्क गाऊन मानले, कार्पेंटर्स या जुन्या अमेरिकी बँडच्या गाण्याच्या चालीवर. शेजारी गीतकार चंद्रबोस हात जोडून उभे. तेलुगू वहिनी रडत होत्या. मी लगेच सांगलीला आईला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ, ती देवाची फुलं काढत होती. “ऐकलं गं, तुझ्या आधी बातमी आली,” म्हणाली.

चहा कोल्हापूरकरांनी केला, आलं ठेचून, भरपूर गोड. जाताना त्या मुलीने माझा अंदाजांचा कागद मागितला. मागच्या कोऱ्या बाजूला तिने एक साडी काढली होती, काठांसकट, आणि कोल्हापूरकर वहिनींकडून खाली नाव लिहून घेतलं. देवनागरीत.