एक्केचाळीस

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीममध्ये डॉक्टर आहे मी, सांगली जिल्ह्यात फिरतो आम्ही, अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा. गेल्या ऑक्टोबरात तासगावकडच्या एका शाळेत सहावीची तपासणी चालू होती, पोरं ओळीत उभी, तेवढ्यात मागनं एकजण ओरडला, "ए एक्केचाळीस, जा की पुढं!" मला वाटलं हजेरी नंबर असेल. पण यादी माझ्याच हातात होती आणि वर्गाचा पट 32.

शेजारच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तिचं वजन हाय ते. गेल्या वर्षी तुमीच सांगितल्यालं."

खरंच आम्हीच. काट्यापाशी एकजण आकडा मोठ्यानं सांगणार, टेबलावर दुसरा लिहिणार, कारण दिवसात शंभरावर पोरं उरकायची असतात. तो आकडा कार्डावर जायच्या आधी अख्ख्या व्हरांड्यात जातो हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, फार वाईट वाटलं.

पोरगी काट्यावर चढेनाच. मग काटा आत ऑफिसात नेला, दार लोटलं. वजन 43, उंची 153, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 18.4. लहान मुलांना मोठ्या माणसांचा आकडा लावायचा नसतो, वय आणि मुलगा की मुलगी ते बघून चार्टवर बघायचं, तिथं ती एकदम व्यवस्थित. वर्गात सगळ्यात उंच आहे म्हणून वजनाचा आकडा मोठा, बस एवढंच. उंची पण आम्ही ओरडूनच सांगितली असणार, ती मात्र कुणी लक्षात ठेवली नाही.

खालची पापणी ओढून बघितली तर फिकी. शाळेत जेवतेस का विचारलं तर बराच वेळ गप्प, मग म्हणाली निम्मी खिचडी मैत्रिणीला देते, जूनपासनं. सहावीच्या पोरांना पोषण आहारात 700 कॅलरी धरलेल्या असतात आणि ही निम्म्यावर, ते पण वाढीच्या वयात! हिमोग्लोबिन तपासायला आरोग्य केंद्राची चिठ्ठी लिहायला घेतली तशी ती घाबरली.

"वजनासाठी पाठवताय काय?"

"नाही गं बाळा, रक्त कमी वाटतंय."

"मग चालतंय," म्हणाली आणि तिचा चेहराच खुलला.

कार्ड तिच्या हातात देऊन दाखवलं, वजन बरोबर आहे, जेवण सोडू नकोस. मान हलवली तिनं. बाकीची पोरं मग एकेक करून आतच घेतली, सिस्टरला म्हटलं आकडा बोलायचा नाही, नुसता लिहायचा. दोनला संपणारं काम साडेतीनला संपलं.

गाडीत बसताना मैदानावरनं हाक आली, "एक्केचाळीस, बॉल टाक!"

आणि तिनं टाकला.