आठ दिवस मी मामांचं पायताण मोजत होतो

ही पोस्ट खरं दिवाळीतच टाकायची होती, पण सीझन चालू असताना गुऱ्हाळावर नेटची बोंब आणि घरी आलो की डोळा लागतोय, म्हणून राहूनच गेली. आज कोल्हापुरात राजारामपुरीत घरी निवांत बसलोय तर लिहून टाकतो.

विषय फोटोवर चालणाऱ्या प्रोग्रामिंगमधला, आरओआय, म्हणजे रीजन ऑफ इंटरेस्ट. अख्ख्या फोटोतला आपल्याला पाहिजे तेवढाच तुकडा घ्यायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. ट्यूटोरियलवाले ह्याला दोन ओळी देतात आणि लगेच एज डिटेक्शनवर (फोटोतल्या कडा शोधण्यावर) उडी मारतात, त्यामुळं मलापण वाटलेलं की ह्यात काय शिकायचं, चौकोन आखला की झालं.

झालं असं की मामांचं गुऱ्हाळ आहे पन्हाळ्याच्या बाजूला. मामेभाऊ म्हणला, दादा तू ते कॅमेऱ्याचं प्रोग्रामिंग करतोस नव्हं, मग प्रत्येक आधणाचा (एका वेळी कढईत शिजवलेल्या गुळाचा) रंग किती आला ह्याची नोंद ठेवता येईल का बघ की. कारण मार्केट यार्डात सौद्याला रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग आधी बघतात, पिवळाधमक असला की दर वेगळा, तांबूस काळपट गेला की वेगळा, आणि कुठल्या आधणाला रस साफ करायला भेंडी किती, चुना किती, ऊस कुठल्या रानातला हे सगळं गुळव्याच्या (गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या) डोक्यात असतंय, वहीत काहीच नसतंय. म्हणलं सोपं आहे. जिथं रवे काढून ठेवतात तिथं वर बांबूला जुना मोबाईल बांधला, खाली खडूनं खूण केली की प्रत्येक आधणाचा एक रवा इथंच ठेवायचा, शेजारी पांढरा कागद. फोटो ४००० बाय ३००० चा.

कागद कशाला, तर मोबाईल आपल्या मनानं रंग बदलत असतो. सकाळच्या उन्हात एक, ट्यूबलाइटखाली दुसरा. म्हणून दोन आरओआय, एक गुळाचा, एक कागदाचा, आणि कागदाच्या हिशोबानं गुळाचा आकडा सरळ करायचा. (कागद जास्त उजेडात आला तर त्याचे तिन्ही चॅनेल (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाचा आकडा ० ते २५५) २५५ ला जाऊन चिकटतात आणि मग त्याचा उपयोग शून्य, हे पण दोन दिवसांनी कळलं.)

ओपनसीव्हीत (फोटोवर काम करायची लायब्ररी) सिलेक्टआरओआय म्हणून फंक्शन आहे, माउसनं चौकोन ओढायचा, एंटर किंवा स्पेस दाबायचं, ते चार आकडे देतंय, एक्स, वाय, रुंदी, उंची. सी दाबून कॅन्सल केलं तर चारी शून्य. एवढा मोठा फोटो माझ्या लॅपटॉपवर मावत नाही म्हणून पाव साइझला करून दाखवला, त्यावर चौकोन ओढला, ६५० आणि २२५ आले, ते आठवणीनं चारनं गुणले, २६०० आणि ९००. रुंदी उंची दोन्ही २००. लई शहाणपणा केला असं वाटलं. आकडे फाइलीत लिहून ठेवले आणि स्क्रिप्ट मामेभावाच्या ताब्यात दिली.

आठ दिवस आकडे येत होते. तांबूस पिवळा, एकदम बरोबर वाटणारा रंग, आणि एवढा स्थिर की आधणामागून आधण दोन-चार अंकांचासुद्धा फरक नाही. मी खूश. मामेभाऊ खूश. गुळवे तेवढे म्हणले, "अरं लेका, कालचं चौथं आधण करपलं होतं, तुझ्या मशिनीला ते दिसलं न्हाई व्हय?"

मग पहिल्यांदा मी तो तुकडा उघडून बघितला. आठ दिवसांत पहिल्यांदा! आणि आत काय, तर मामांचं पायताण. कापशी पायताण, तेल पिऊन पिऊन गुळाच्याच रंगाचं झालेलं. रव्यांकडं जाताना सगळे पायताण बाहेर काढतात, मामा मात्र उंबऱ्याला लागून आतच काढतात, रोज त्याच जागेवर, आणि ती जागा फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात येते.

चूक कुठली? सिलेक्टआरओआय आधी एक्स देतंय आणि मग वाय. पण पायथनमध्ये फोटो म्हणजे न्यूम्पायचा अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, आणि त्यात चौकोनी कंसात आधी ओळ लिहायची, म्हणजे वाय, मग कॉलम, म्हणजे एक्स. मी उलटं लिहिलं. २६०० वी ओळ आणि ९०० वा कॉलम. फोटोची उंची ३०००, त्यामुळं २६०० ते २८०० व्यवस्थित बसलं, एरर नाही काही नाही. वरून चौकोन २०० बाय २०० चा, त्यामुळं आकारावरून पण शंका यायला जागा नाही. रवा अजून थोडा उजवीकडं ठेवला असता आणि एक्स ३००० च्या पुढं गेला असता तर रिकामा तुकडा आला असता आणि पुढच्या फंक्शननं लगेच बोंब ठोकली असती. न्यूम्पाय हद्दीबाहेरचं मागितलं तरी तोंडातून शब्द काढत नाही, अर्धवट बाहेर गेलं तर गुपचूप कापून देतंय. सी प्लस प्लसमध्ये मॅटवर (फोटोवर) रेक्ट (चौकोन) लावून हेच केलं तर तिथल्या तिथं असर्शन फुटतं, म्हणजे प्रोग्राम एरर देऊन थांबतो. मला आता ते फुटणारंच बरं वाटतंय.

त्या दिवसापासून प्रत्येक आरओआयचा क्रॉप वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करतो आणि मोजलेला चौकोन मोठ्या फोटोवर हिरव्या रेघेनं आखून ठेवतो, की बाबा बघ, इथलं मोजलंय.

आणि त्या हिरव्या रेघेनंच पुढचा घोळ केला. न्यूम्पायमध्ये स्लाइस (तुकडा) घेतला की नवीन फोटो तयार होत नाही, तो मूळ फोटोचाच व्ह्यू असतो, मेमरी तीच. मी तुकडा आधी काढला, मग मूळ फोटोवर चौकोन आखला, आणि सरासरी सगळ्यात शेवटी काढली. म्हणजे रेघ तुकड्यातपण उमटली. २०० च्या चौकोनात हे कळलंपण नसतं, पण तोवर मी रव्यावरची चमक चुकवायला म्हणून छोटे २० बाय २० चे चौकोन घ्यायला लागलेलो. एक्स अधिक रुंदी, वाय अधिक उंची असं आखलं की उजवी आणि खालची रेघ तुकड्याच्या एक पिक्सेल बाहेर पडते, पण वरची ओळ आणि डावा कॉलम आतच, म्हणजे ४०० पैकी ३९ पिक्सेल हिरवेगार. लाल १९० चा १७१ झाला, हिरवा १२० चा १३३. गुळाला शेवाळ आल्यासारखं. उपाय एका शब्दाचा, स्लाइसच्या पुढं कॉपी लावायचं. सी प्लस प्लसवाल्यांना क्लोन. मला दोन रात्री लागल्या ते सापडायला.

ह्यावरून आठवलं, जुन्या सी स्टाइलच्या ओपनसीव्हीत आरओआय फोटोवरच सेट करायला लागायचा आणि काम झालं की रीसेट. रीसेट विसरलं की पुढची सगळी फंक्शनं तेवढ्याच तुकड्यावर चालायची. म्हणजे लोक तेव्हापासून ह्याच खड्ड्यात पडायलेत, मी एकटा नाही.

गोल मास्कचं (मास्क म्हणजे कुठले पिक्सेल धरायचे ते सांगणारा साचा) थोडक्यात सांगतो. रवा वरून गोल दिसतो, म्हणून चौकोनातून गोल भाग घेतला, बाहेरचं बिटवाइज अँडनं काळं केलं आणि न्यूम्पायची साधी सरासरी काढली. ती काळे कोपरेपण मोजते की! चौकोनात बसणारा गोल साधारण ७८.५ टक्के, उरलेले २१.५ टक्के शून्य, तेवढ्यानं रंग खाली. ओपनसीव्हीच्या मीनला (सरासरीच्या फंक्शनला) मास्क वेगळा देता येतो, तो द्यायचा, मग ते मास्कच्या आतलेच पिक्सेल धरतंय.

मध्ये मामेभावानं मोबाईल सोडून परत उभा बांधला तेव्हाचा तमाशा वेगळाच. ओपनसीव्हीचं इमरीड (फोटो उघडायचं फंक्शन) फोटोतला एक्झिफ (मोबाईल कसा धरला होता ह्याची नोंद) वाचून आपोआप फोटो फिरवून देतंय, पिलो ही दुसरी लायब्ररी सांगितल्याशिवाय फिरवत नाही, आणि माझी एक स्क्रिप्ट ह्यात, दुसरी त्यात. आकडे तेच, जागा भलतीच.

आता राहिलं मुख्य. हे सगळं नीट झाल्यावर गुळव्यांना क्रॉप दाखवले, तर म्हणले वरचं काय बघतोस, वर कापडाचा डाग असतोय, ट्यूबची चमक असतीया, यार्डात कोण वरचं बघून दर देतंय व्हय, फोडून आतलं बघत्यात. म्हणजे माझा चौकोन बरोबर बसला, पण चुकीच्या जागेवर. पुढच्या सीझनला रवा फोडून, फोडलेली बाजू वर करून फोटो घ्यायचं ठरलंय. मामा नाराज आहेत, मोजायला म्हणून चांगला रवा फोडायचा हे त्यांना पटत नाही. पायताण तेवढं दुसरीकडं काढा म्हणून सांगितलं तर म्हणले, "तुझा कॅमेरा हलव की."