कुठला बंध तुटला?

नववीच्या शेवटच्या तासाला प्रयोगशाळेतलं कपाट आवरायची पाळी माझी होती. घरी जायच्या घाईत अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांच्या बाटलीचं बूच मी अर्धवटच लावलं. मे महिना गेला, पावसाळा सुरू झाला. 1995 च्या जुलैत बाईंनी ती बाटली काढली, नाकाजवळ नेली आणि माझ्या हातात दिली. घमघमीत व्हिनेगर! गोळ्यांवर बारीक सुयांसारखे स्फटिक उगवलेले.

"काय झालं?"

"खराब झालं, बाई."

"खराब भाजी होते. कुठला बंध तुटला ते सांग."

अभ्यासक्रमात यातलं काही नव्हतं. बाईंनी फळ्यावर अ‍ॅस्पिरिनचा रेणू काढला: बेन्झीनचा षटकोन, त्याला दोन फाटे. एक फाटा एस्टर नावाच्या बंधाचा. हवेतला ओलावा मिळाला की हा एस्टर तुटतो. एकीकडे सॅलिसिलिक आम्ल, दुसरीकडे अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे तो वास. षटकोन मात्र जागचा हलत नाही. नुसतं बेन्झीन ब्रोमीनच्या पाण्याचा रंगसुद्धा उडवत नाही, इतकं ते बेफिकीर. एकाच रेणूत एवढा भक्कम भाग आणि एवढा हळवा भाग, हे मला तेव्हा फार गमतीचं वाटलं होतं.

मग बाईंनी पर्समधून डोकेदुखीची, अ‍ॅस्पिरिनचीच, नवी गोळी काढली. दोन परीक्षानळ्या, दोन्हींत फेरिक क्लोराइडचे थेंब; सॅलिसिलिक आम्ल भेटलं की ते जांभळं होतं. नवीची नळी पिवळसरच राहिली, माझी गर्द जांभळी झाली. खिडकीतून लालबागकडचं गिरणीचं धुरांडं दिसायचं; त्याच उजेडात धरलेली ती नळी अजून आठवते. बाटलीबद्दल बाई रागावल्या नाहीत. भरून मात्र घेतली!

आज मी औषधांच्या स्टॅबिलिटी विभागात आहे. आमच्या कपाटांत 40 अंश सेल्सिअस तापमान आणि 75 टक्के आर्द्रता सहा महिने राखतात. थोडक्यात, मुंबईचा जुलै आणखी तापवून कोंडून ठेवायचा आणि त्यात गोळ्या किती तग धरतात ते मोजायचं. नवी मुलं अहवालात 'डिग्रेड झालं' एवढंच लिहून आणतात. मी कागद परत देतो. काय विचारतो, ते माझ्या वर्गातल्यांना सांगायला नको.

परवा आईने रक्त पातळ करायच्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या स्ट्रिपमधून सोडवून स्टीलच्या डबीत भरल्या आणि डबी गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली. मी झाकण उघडून नाक खुपसलं.

"काय हुंगतोस रे कुत्र्यासारखा?" आई म्हणाली.